प्रायोजक घेऊन रॉक बँडचा उन्हाळी दौरा: डिसेंबरपासून हिशेब मिटेपर्यंत

१९८१ साली रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्याच्या तिकिटांवर जोवान या अत्तर कंपनीचं नाव छापलं गेलं. पुढच्याच वर्षी द हू या बँडच्या दौऱ्यामागे श्लिट्झ बिअर उभी राहिली. बंडखोर म्हणवणाऱ्या संगीताने कंपनीचा पैसा घ्यावा का, यावर तिकडे तेव्हा बरीच धुळवड झाली. ती फार टिकली नाही. १९९५ मध्ये सुरू झालेल्या वॉर्प्ड टूरला दुसऱ्याच वर्षी व्हॅन्स ही बुटांची कंपनी मिळाली आणि ऐन उन्हाळ्यात, वाहनतळांवर स्टेज मांडून गावोगाव फिरणारा तो मेळा कंपनीच्या नावानेच ओळखला जाऊ लागला.

आपल्याकडचे बँड हा नमुना डोळ्यांसमोर ठेवून एप्रिल-मेचा दौरा आखायला घेतात आणि तिथेच गणित चुकतं. अमेरिकेतला उन्हाळा म्हणजे लांबलेली सुखद संध्याकाळ. आपला उन्हाळा म्हणजे चाळिशीचा पारा, लग्नसराई, आयपीएल आणि केव्हाही कोसळणारा वळीव. तरीही हा दौरा करता येतो, आणि काही बाबतींत तो हिवाळ्यापेक्षा सोयीचाही पडतो. फक्त तो आपल्या पंचांगाप्रमाणे आखावा लागतो.

हा लेख चार-सहा जणांच्या, स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडसाठी आहे. शंभर ते पाचशे श्रोते, मुंबई-नाशिक-पुणे-कोल्हापूर-गोवा असा पट्टा, आणि एखादी कंपनी पैसे देईल अशी आशा. स्टेडियमवाल्यांना याचा उपयोग नाही. त्यांच्याकडे ही कामं करायला माणसं असतात.

आधी प्रायोजकाशिवायचा दौरा कागदावर मांडा

एक नियम सुरुवातीलाच ठरवून टाका: प्रायोजकाच्या पैशावर दौरा मोठा करायचा, उभा करायचा नाही. कंपनीचा होकार तोंडी येतो, मग मेलवर येतो, मग खरेदी विभागात अडकतो, आणि रक्कम खात्यात पडेपर्यंत तुमचा शेवटचा कार्यक्रमही होऊन गेलेला असतो. टेम्पोवाला मात्र डिझेलचे पैसे सकाळीच मागतो.

म्हणून दोन अंदाजपत्रकं करा. पहिलं, कंपनीचा एक रुपयाही न येता पार पडेल असं. उदाहरणादाखल: चार कार्यक्रम, चारही ठिकाणी जागेचीच साउंड सिस्टीम, दर ठिकाणी १५० श्रोते आणि ४९९ रुपये तिकीट. म्हणजे साधारण ३ लाख रुपये जमा. जागेचा आणि तिकीट विकणाऱ्या अ‍ॅपचा वाटा मिळून ३० टक्के धरला तर हाती २ लाख १० हजारांच्या आसपास. प्रवास, राहणं, जेवण, साउंड इंजिनिअर, परवाने आणि दहा टक्के अडीअडचणीसाठी, हे सगळं २ लाखांत बसलं पाहिजे. बसत नसेल तर चारांचे तीन कार्यक्रम करा. दीडशे माणसं येतील असं मनाने ठरवू नका. त्या शहरात गेल्या वेळी तिकीट काढून किती आले होते तो आकडा घ्या.

तिकीट ४९९ ठेवण्याला कारण आहे. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. त्यापुढे गेलं की १८ टक्के. ५५० चं तिकीट लावून बँडच्या हाती ४९९ पेक्षा कमीच पडतात, आणि श्रोत्याला मात्र ते महाग वाटतं.

दुसरं अंदाजपत्रक पैसे आले तर काय वाढवायचं याचं: आणखी दोन शहरं, भाड्याचं सभागृह, चांगला प्रकाश, व्हिडिओ करणारा माणूस, सोबत एखादा नवा बँड. हा वाढीव खर्च साडेतीन लाख निघाला तर कंपनीकडे पाच मागा. मधला दीड लाख म्हणजे तुमचं मानधन आणि कंपनीचं नाव मिरवण्यासाठी लागणारा खर्च. बॅनर, टी-शर्ट, रील्स हे फुकट होत नाही, आणि पाचांतले चार मिळाले तरी दौरा चालला पाहिजे.

तारखा: कालनिर्णय उघडा

हिंदुस्थानी रॉकचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. उन्हाळ्यात मोठे महोत्सव नसतात. हीच छोट्या बँडची संधी, कारण श्रोत्याला दुसरीकडे जायला नसतं आणि पबवाल्याला शनिवार भरायचा असतो. कॉलेजं परीक्षांत असल्यामुळे कॉलेजचे कार्यक्रम मिळत नाहीत. पण परीक्षा संपल्यावर पुण्या-मुंबईत शिकणारी पोरं आपापल्या गावी परततात. नोव्हेंबरमध्ये कोल्हापूर किंवा नाशिकला न जमणारा श्रोता मे महिन्यात तिथे सापडतो. मी तर म्हणेन, उन्हाळी दौऱ्यात पुण्याला एक कार्यक्रम पुरे. खरी मजा बाकीच्या शहरांत.

आता आडवं काय काय येतं ते बघा. लग्नाचे मुहूर्त ज्या दिवशी दाट, त्या दिवशी हॉल, जनरेटर, साउंडवाला आणि टेम्पो यांतलं काहीही मिळत नाही. मिळालंच तर दुप्पट भावाने. कालनिर्णय किंवा दाते पंचांग घेऊन बसा आणि मुहूर्ताच्या तारखांवर सरळ काट मारा. चैत्रात गावोगावच्या जत्रा असतात. कोल्हापूर-सांगलीकडचे चांगले साउंडवाले तेव्हा ऑर्केस्ट्रा आणि तमाशात गुंतलेले असतात. १४ एप्रिल आणि १ मे या दिवशी पोलीस बंदोबस्तात, त्यामुळे परवानगीसाठी त्यांच्या मागे लागू नका. ड्राय डेची यादी पबवाल्याकडून आधीच घ्या. नाट्यगृह हवं असेल तर त्याच्या तारखांचं वाटप बरंच आधी होतं, नाटकांना प्राधान्य असतं आणि सुट्टीत बालनाट्यांची गर्दी असते. शिवाय आयपीएल. स्थानिक संघाची शनिवारची मॅच असेल तर पबचा मालकच तुम्हाला नको म्हणेल. त्याला मोठ्या पडद्यावर ती दाखवायची असते.

शेवटची तारीख कुठे ठेवायची? मान्सून केरळात १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला येतो ही हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख. पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला होता. त्यामुळे मुंबई आणि गोव्यातले उघड्यावरचे कार्यक्रम १५ मेच्या आत उरका. त्यानंतर छत असेल तरच.

मार्ग आखताना सलग रेषा धरा. मुंबई ते नाशिक साधारण १७० किलोमीटर, नाशिक ते पुणे २१० च्या आसपास, पुणे ते कोल्हापूर २३०, तिथून घाट उतरून पणजी आणखी २०० ते २२०. बहुतेकांना नोकऱ्या असतात, म्हणून शुक्रवार-शनिवार-रविवारच्या जोड्या करा: एका आठवड्यात मुंबई आणि नाशिक, पुढच्यात पुणे, त्याच्या पुढच्यात कोल्हापूर आणि गोवा. कार्यक्रम संपवून रात्री दोनला आंबोली घाट उतरायचा बेत करणाऱ्याला दौऱ्याचा व्यवस्थापक करू नका.

कंपनी शोधणं

कंपन्यांचं वर्ष मार्चअखेर संपतं. पुढच्या वर्षाचं प्रसिद्धीचं बजेट जानेवारी-फेब्रुवारीत ठरतं आणि त्याचा मोठा घास आयपीएल घेतं. एप्रिलमध्ये प्रस्ताव घेऊन गेलात तर वरातीमागून घोडं. डिसेंबरमध्ये यादी करा, जानेवारीत भेटा. आणखी एक खिडकी मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात उघडते: ज्या व्यवस्थापकाकडे चालू वर्षाचे पैसे उरलेत, त्याला ते ३१ तारखेच्या आत खर्ची टाकायचे असतात. त्या वेळी तुमचा करार आणि इनव्हॉइस तयार असेल तर दोन महिन्यांचं काम आठवड्यात होतं.

कोणाकडे जायचं? मोठ्या ब्रँडच्या मुंबईतल्या मुख्य कार्यालयाला पाठवलेला मेल बहुतेक तिथेच विरतो. विभागीय कंपन्या आणि वितरक यांच्याकडे वळा. आइस्क्रीम, सरबतं, मोटारसायकलची डीलरशिप, चष्मे, बूट, कॅफेची साखळी, वाद्यांची दुकानं, को-वर्किंग जागा. तीन शहरांत शोरूम असलेल्या डीलरला तुमचा तीन शहरांचा दौरा चटकन कळतो; अखिल भारतीय ब्रँडला तो चिमूटभर वाटतो. रोख नसेल तर वस्तूरूपात घ्या: राहण्याच्या खोल्या, पाणी, डिझेल, टी-शर्टची छपाई. पहिल्या दौऱ्यात पाच खोल्या फुकट मिळणं हे पन्नास हजारांच्या आश्वासनापेक्षा मोलाचं असतं.

काही पैसे घ्यायचेच नाहीत. तंबाखूजन्य पदार्थांच्या प्रायोजकत्वाला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सच्या जाहिरातीवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली. दारूच्या कंपन्या पूर्वापार सोडा, पाणी किंवा संगीताच्या सीडीच्या नावाने रॉकच्या मंचावर येत राहिल्या. अशा आडवळणाच्या जाहिरातींना २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. प्रस्ताव आलाच तर वकिलाला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका, आणि श्रोत्यांत अठराच्या आतली मुलं असतील तर दाखवायलाही नेऊ नका.

प्रस्ताव सात-आठ पानांचा पुरे. बँडचा इतिहास अर्ध्या पानात आटोपा. समोरच्याला तुमचा पहिला गिटारिस्ट का सोडून गेला यात रस नसतो. त्याला हवं ते असं: कोणत्या शहरात, कोणत्या तारखेला, किती माणसं, कोणत्या वयाची, आणि ती त्याच्या मालाजवळ किती वेळ असतील. गाण्यांचे व्ह्यूज सांगा, पण तिकीट काढून आलेल्यांचा आकडा आधी सांगा. छोट्या बँडकडे तोच खरा दागिना. मग दोन-तीन स्तर: नावासकट मुख्य प्रायोजक एक, सहप्रायोजक दोन, वस्तूरूप मदत करणारे चार. प्रत्येक स्तरात नेमकं काय मिळेल ते लिहा. ‘भरपूर प्रसिद्धी’ असं कुठेही लिहू नका. ‘प्रत्येक कार्यक्रमात मंचावरून दोनदा उल्लेख, दहा बाय आठचा एक बॅनर, चार रील्स, कर्मचाऱ्यांसाठी वीस पास, प्रवेशद्वाराशी एक टेबल’ असं लिहा.

टेबलावरून आठवलं. आइस्क्रीमवाल्याला प्रवेशद्वाराशी टेबल दिलंत तर मध्यंतरात रांग लागते आणि फोटो सुरेख येतात. विम्यावाल्याला तीच जागा दिली तर लोक वळसा घालून आत जातात. अशा कंपनीला टेबलाऐवजी दुसरं काही द्या: साउंडचेक बघायला तिचे वीस ग्राहक, गप्पा, फोटो. खर्च शून्य, आणि कंपनीला सांगायला गोष्ट मिळते.

करार

करार दोन पानांचा असला तरी चालेल, पण लेखी हवा. त्यात पहिली लढाई पैशांच्या हप्त्यांची. कंपनी म्हणेल, कार्यक्रम संपल्यावर ६० दिवसांनी. तुम्ही म्हणा: सही करताना ५० टक्के, पहिल्या कार्यक्रमाच्या सात दिवस आधी ३०, अहवाल दिल्यावर २०. तडजोड ४०-३०-३० वर होते. सहीबरोबर काहीच न देणाऱ्या कंपनीचा लोगो पोस्टरवर टाकू नका.

इथे एक साधं हत्यार आहे जे फार कमी बँड वापरतात. आधार आणि पॅनच्या आधारे सरकारच्या उद्यम पोर्टलवर बँडची नोंदणी करा. ती विनामूल्य असते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद झाली की तुमचे पैसे कराराने ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत चुकते करणं समोरच्यावर बंधनकारक होतं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या खर्चाची आयकरातली वजावट कंपनीला पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही. इनव्हॉइसवर उद्यम क्रमांक छापा. हिशेब विभागातल्या माणसाला तो दिसला की फाइल हलते.

जीएसटीचं थोडं बारीक आहे. बँड एकाच्या नावावर किंवा भागीदारी म्हणून चालत असेल आणि प्रायोजक कंपनी असेल, तर प्रायोजकत्वावरचा कर कंपनीच भरते, उलट आकारणीने. बँडची स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर जानेवारी २०२५ पासून कर तुम्ही लावायचा आणि तुम्हीच भरायचा. इनव्हॉइसवर ‘प्रायोजकत्व’ लिहायचं, ‘जाहिरात’ की ‘कार्यक्रमाचं मानधन’, यावर हे सगळं बदलतं. सीएला एकदा विचारा आणि दौराभर तोच शब्द ठेवा. लोककला आणि शास्त्रीय संगीताच्या कलाकारांना दीड लाखांपर्यंतच्या मानधनावर सूट आहे. रॉक त्यात बसत नाही, कितीही लोकगीतं वाजवलीत तरी.

पुढची कलमं भरभर: कार्यक्रम पावसाने किंवा परवानगी नाकारल्यामुळे रद्द झाला तर झालेल्या खर्चाचे पैसे परत नाहीत. गाण्यांची यादी बँड ठरवेल. कार्यक्रमाचे व्हिडिओ कंपनी आपल्या सोशल मीडियावर सहा महिने वापरू शकेल, पण गाणं तिच्या जाहिरातीत वापरायचं तर वेगळा करार आणि वेगळे पैसे. हे शेवटचं कलम गाळलं तर तुमचं सर्वांत चांगलं गाणं एखाद्या सेलच्या जाहिरातीत फुकट वाजेल.

एकाधिकाराच्या कलमाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. शीतपेयाचा प्रायोजक म्हणतो, दुसरं शीतपेय मंचाच्या आसपास दिसता कामा नये. आणि पबने आधीच त्याच्या प्रतिस्पर्ध्याशी वर्षभराचा करार केलेला असतो. फ्रीज, छत्र्या, टेबलावरचे कोस्टर, सगळं त्याच्या रंगाचं. जागा नक्की करतानाच विचारा, इथे कोणाचं काय बांधलेलं आहे? एकाधिकार ‘मंच आणि बँडची प्रसिद्धी’ एवढ्यापुरता मर्यादित ठेवा, जागेची हमी देऊ नका.

कंपनी श्रोत्यांचे फोन नंबरही मागेल. तिकिटाच्या यादीतून ते परस्पर देऊ नका. व्यक्तिगत माहितीच्या २०२३ च्या कायद्याला संमती लागते. ज्यांना बक्षीस-कूपन हवं ते टेबलापाशी स्वतः नंबर देतील. आणि पैसे घेऊन केलेल्या रील्सवर ‘जाहिरात’ किंवा ‘सशुल्क भागीदारी’ असं ठळक लिहायचं असतं.

परवाने आणि गाण्यांचे हक्क

पबमध्ये वाजवत असाल तर बहुतेक परवाने मालकाकडे असतात. प्रती मागून घ्या, शब्दावर जाऊ नका. सभागृह किंवा मोकळी जागा स्वतः घेतली तर पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात सार्वजनिक करमणुकीचा परवाना तिथून, स्थानिक ठाण्यातून ध्वनिक्षेपकाची परवानगी, अग्निशमन दल आणि वाहतूक शाखेचं ना-हरकत, मंच उभारलात तर त्याच्या मजबुतीचा दाखला आणि तात्पुरत्या वीजजोडणीची तपासणी. अर्ज महिनाभर आधी द्या. शहरागणिक टेबलं बदलतात, म्हणून प्रत्येक गावात एक स्थानिक माणूस हवाच. साउंडवाला सहसा हे सगळं कोळून प्यालेला असतो.

आवाजाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला आतल्यापुरती सूट. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजजवळच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहाने १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाचे कार्यक्रम बघितले आणि पुढे याच शांतता क्षेत्रामुळे ते रॉकला मुकलं. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. ड्रम्स तर माइकशिवायही जवळून शंभरी ओलांडतात. म्हणून स्पीकर वस्तीच्या उलट दिशेला लावा आणि हद्दीवर मोजणी स्वतः करून नोंद ठेवा. गोव्यातही दहाचा नियम धरूनच चाला.

दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना लागतो. मध्यंतरात रेकॉर्ड वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाचा वेगळा, पीपीएल वगैरे ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संस्थांकडून. तुमची स्वतःची गाणी आयपीआरएसकडे नोंदवलेली असतील तर प्रत्येक कार्यक्रमाची गाण्यांची यादी त्यांना पाठवा. त्याचं मानधन उशिरा येतं, पण येतं.

ऊन, वीज आणि वळीव

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भर दुपारी उन्हात बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला. सोहळा प्रचंड होता, तुमचा दोनशे माणसांचा असेल. पण ऊन तेच. उघड्यावरचा कार्यक्रम सूर्यास्ताआधी सुरू करायचा नाही. मुंबई-पुण्यात मेमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि आवाज दहाला थांबवायचा, म्हणजे हाती तीन तास. सहाला दारं, सातला पाहुणा बँड अर्धा तास, पंधरा मिनिटं बदलाबदल, पावणेआठ ते साडेनऊ तुम्ही. उरलेली तीस मिनिटं गिळायला काही ना काही येतंच. पिण्याचं पाणी फुकट आणि रांगेतही मिळेल असं ठेवा, ओआरएसची पाकिटं हाताशी ठेवा, रुग्णवाहिकेचा नंबर दारावरच्या माणसाकडे द्या. पाणी पुरवणारा प्रायोजक मिळाला तर त्याला सर्वांत मोठा बॅनर द्या.

साउंडचेक दुपारी दोनला ठेवणारे वाजवेपर्यंत निम्मे गळालेले असतात. सकाळी आठला किंवा साडेचारनंतर करा. मिक्सरवर सावली हवी. उन्हात तापला की बिघडतो आणि स्क्रीनवर काही दिसतही नाही. अ‍ॅम्पच्या पंख्याला मागे हातभर मोकळी जागा ठेवा. बंद गाडीत दुपारभर ठेवलेल्या गिटारचा सरस मऊ होतो, ब्रिज उचलला जातो, आणि संध्याकाळी ती कितीही पिळली तरी सुरात राहत नाही. वाद्यं माणसांबरोबर खोलीत न्या; बॅगा राहू देत गाडीत.

विजेचं दुखणं वेगळं. उन्हाळ्यात गावोगावी वीज जाते, म्हणून जनरेटर घ्या आणि तो ऐन कार्यक्रमाच्या भाराने अर्धा तास चालवून बघा. अर्थिंग तपासल्याशिवाय गिटार जोडू नका. गिटारिस्टचे ओठ माइकला लागताच झिणझिण्या आल्या तर ‘होतं असं’ म्हणून पुढे जायचं नाही. सगळं बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. घामाने भिजलेल्या अंगाला बसणारा झटका जीवघेणा ठरू शकतो. पाचशे रुपयांचा टेस्टर आणि एक जाणता माणूस एवढाच खर्च आहे, आणि यावर काटकसर करणाऱ्या साउंडवाल्याला मी दुसऱ्यांदा बोलावणार नाही.

आणि वळीव. दिवसभर घुसमट, चारनंतर आभाळ, मग दहा मिनिटांत वावटळ. १३ मे २०२४ रोजी अशाच वादळात घाटकोपरचा महाकाय फलक कोसळून १७ जण मेले. तुमचा फलक लहान असेल, पण प्रायोजकाचा बॅनर म्हणजे शिडाचं काम करणारं कापडच असतं. कंपनीला मंचामागे वीस फुटी फ्लेक्स हवा असतो. तो लाइटच्या ट्रसला, म्हणजे दिवे टांगायच्या धातूच्या सांगाड्याला, बांधू द्यायचा नाही. जाळीदार फ्लेक्स छापा, त्याला स्वतःची चौकट आणि वजन द्या, आणि वारा सुटला की कोणी कोणाला न विचारता तो उतरवायचा, हे करारातच लिहा. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर थांबा, लोकांना पक्क्या छताखाली न्या, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच पुन्हा सुरू करा. हा निर्णय एकाच माणसाने घ्यायचा, आणि तो माणूस मंचावर नसावा. गायकाला नेहमी आणखी एक गाणं करायचं असतं.

रस्त्यावर

पाच वादक, एक साउंड इंजिनिअर, एक व्यवस्थापक. एवढ्यांना टेम्पो ट्रॅव्हलर पुरतो. ड्रम्स आणि अ‍ॅम्पला छोटा हत्ती, किंवा ते प्रत्येक शहरात भाड्याने. मला भाड्याचं बरं वाटतं: फक्त स्नेअर, सिंबल आणि पेडल घरचं न्या. गोव्यात जाताना सामानाची यादी अनुक्रमांकांसह आणि मोठ्या वस्तूंची बिलं बरोबर ठेवा, गाडीचा परवाना परराज्यात चालतो का ते मालकाकडून लेखी घ्या.

प्रत्येक जागेला तीन कागद दहा दिवस आधी पाठवा: मंचावर कोण कुठे उभा राहील याचं चित्र, चॅनेलची यादी (कोणतं वाद्य किंवा माइक मिक्सरवर कुठे जोडायचा ती) आणि लागणारी सामग्री. चॅनेलची यादी नीट असेल तर साउंडचेक पाऊण तासात होतो. नसेल तर साउंडवाला ‘अजून एक की-बोर्ड आहे का?’ असं ऐन वेळी विचारतो, आणि घोंगडं तिथेच भिजत पडतं.

खर्चासाठी एकच माणूस, एकच यूपीआय खातं, रोज रात्री हिशेब ग्रुपवर. प्रायोजकाचे उल्लेख कोणी, कोणत्या गाण्यानंतर करायचे हे गाण्यांच्या यादीतच लिहून ठेवा. उल्लेख छोटा आणि सहज असावा. सलग तीन जोरकस गाण्यांनंतर सूर जुळवायला लागणारा वेळ त्यासाठी उत्तम. शांत गाण्याच्या आधी कंपनीचं नाव घेतलंत तर श्रोत्यांचा रसभंग होतो आणि कंपनीचाही फायदा होत नाही. बॅनरचा, टेबलाचा, गर्दीचा आणि मंचावरून नाव घेतानाचा असे चार पुरावे प्रत्येक शहरात काढायचे. हे काम वादकाकडे देऊ नका, त्याला आठवत नाही.

दौरा संपल्यावर

शेवटच्या कार्यक्रमानंतर दहा दिवसांत अहवाल द्या. करारात जे जे कबूल केलं त्याच्या समोर फोटो, तारीख, आकडा. दोनशेऐवजी एकशेतीस आले असतील तर तसंच लिहा आणि शेजारी कारण लिहा. स्थानिक संघाची मॅच होती हे कंपनीलाही कळतं. फुगवलेला आकडा पुढच्या वर्षी तिकिटांच्या अ‍ॅपवरून उघडा पडतो. कबूल केलेलं एखादं रील राहून गेलं असेल तर ते आधी करून मगच अहवाल पाठवा, नाहीतर शेवटचा हप्ता त्यावरून अडवला जातो.

अहवालाबरोबरच अंतिम इनव्हॉइस जाऊ द्या, कारण कंपनी दिवस तिथपासून मोजते. चाळीसाव्या दिवशी नम्र आठवण, पंचेचाळिसाव्यानंतर व्याजासह पत्र. टीडीएस कापून पैसे येतात. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते आयकर पोर्टलवर तपासा आणि विवरणपत्र भरून परतावा मागा. अनेक बँड ही रक्कम दरवर्षी सोडून देतात.

साउंडवाल्यांचे, टेम्पोवाल्यांचे आणि स्थानिक मदतनिसांचे पैसे कंपनीची वाट न बघता त्याच आठवड्यात चुकते करा. पहिलं अंदाजपत्रक त्यासाठीच होतं. मग बँडने बसून शहरवार ताळेबंद मांडायचा: कुठे तिकिटं विकली गेली, कुठे फक्त मित्र आले. पुढच्या यादीतून एक शहर काढायचं, एक नवं घालायचं, आणि दिवाळीनंतर कंपनीच्या त्याच माणसाला फोन करायचा. तोवर त्याची बदली झालेली असू शकते, म्हणून त्याच्या हाताखालच्या मुलीचा किंवा मुलाचा नंबरही अहवाल देतानाच घेऊन ठेवा.